धुरींच्या नळीतलं शिसं

फोन वाजला तेव्हा माझ्या एका हातात लाकडी मोगरी होती आणि दुसऱ्या हातात सागाचा दांडा. भिकाजी धुरींच्या बंदुकीची नळी कामाच्या बाकावरच्या व्हाइसमध्ये आवळून धरलेली होती. धुरी समोर स्टुलावर बसले होते, गुडघ्यावर टोपी ठेवून.

"घेवा, मेस्त्रीनू," ते म्हणाले. "कधीपासून वाजता तो."

मी मोगरी ठेवली आणि फोन उचलला. मोहन होता, माझा मेव्हणा.

"भावोजी," तो म्हणाला, "ताई गेली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयकतास मा?"

"आयकतंय."

"आताच गेली. मी औषध आणूक खाली गेललंय. वर इलंय तर नर्स चादर ओढी होती."

"येतंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर दुकानात मी काय केलं ते मला आठवत नाही. दवाखान्यापर्यंत रिक्षाने गेलो की चालत, तेही आठवत नाही. जिन्यापासून पुढचं सगळं आठवतं. कुमुद खिडकीजवळच्या खाटेवर होती. कपाळावरचं कुंकू एका बाजूला पुसलं गेलं होतं. मोहनने ते बोटाने नीट केलं आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नवरात्राची तिसरी माळ होती. कुमुदचा उपास होता. सकाळी छातीत जळजळतं म्हणाली, पित्त असेल म्हणाली. मोहन आमच्या मागच्याच आळीत राहायचा. त्याने रिक्षा आणली. रिक्षात बसताना तिने मला सांगितलं, "तुमचो कुकर लावलंय. तीन शिट्टयो झाल्यो काय बंद करा, आणि मगेच दुकानात जावा." मी तीन शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला आणि दुकानात गेलो. तो भात कुणी खाल्ला नाही.

आम्हाला मूल नव्हतं. अग्नी मीच दिला.

माझं दुकान तालुक्याच्या बाजारात होतं. बंदूक दुरुस्तीचं लायसन माझ्या वडिलांपासूनचं. आमच्याकडे भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरतात, म्हणून गावागावांत शेतीच्या परवान्याच्या बंदुका आहेत. त्यातल्या निम्म्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. अशा जुन्या बंदुकीची नळी आतून कुठे झिजली, कुठे फुगली, ते डोळ्याला दिसत नाही. ते बघायचं तर मऊ शिशाची गोळी ओतायची, नळीच्या भोकापेक्षा केसभर मोठी. नळीला आतून तेल द्यायचं, गोळी मागच्या बाजूने बसवायची आणि दांडा लावून हलक्या हाताने ठोकत ठोकत पुढच्या तोंडातून बाहेर काढायची. जिथे नळी तंग असेल तिथे गोळी जड जाते. जिथे फुगलेली असेल तिथे अचानक हलकी होते, हाताला कळतं. बाहेर आली की मायक्रोमीटर लावायचा. शिसं मऊ, ते नळीचा आकार घेऊन येतं. हे काम घाईने होत नाही. एक नळी बघायला तासभर लागतो.

धुरींची बंदूक एकनळी, काडतुसाची. धुरी कळसूलवाडीचे मानकरी. दसऱ्याला देवाची तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेल्या उंच काठ्या, देवळाबाहेर पडली की पहिला बार त्यांच्या बंदुकीचा. आदल्या वर्षी बार काढताना खांद्याला नेहमीपेक्षा जास्त झटका बसला म्हणून ते दसऱ्याआधी नळी बघून घ्यायला आले होते.

कुमुद गेल्यावर मी घरात बसून होतो. सुतकात दुसरं काही करायचं नसतं. लोक येत होते, बसत होते, चहा न घेता जात होते. मोहन आमच्याकडेच राहायला आला होता. तोच पाणी तापवायचा, तोच आल्यागेल्याशी बोलायचा. मला एका जागी बसवत नव्हतं. मी ओटीवरून मागच्या दारी जायचो, मागच्या दारातून पुन्हा ओटीवर. काहीतरी राहिलंय असं वाटायचं. मी समजायचो, माणूस गेलं की असंच वाटत असेल.

खंडेनवमीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला नार्वेकर आले. त्यांचं घड्याळाचं दुकान माझ्या दुकानाला लागून. ओटीवर टेकले आणि म्हणाले, "दुकानाची काळजी करू नकात. त्या दिवशी शटर मीच ओढलंय. चावी ही घेवा."

"बरा झाला," मी म्हटलं.

"चपलो पण थयच आसत तुमचे. तसेच गेलास." ते मोहनकडे वळले. "पण खरा सांगू? धुऱ्यांका बंदूक जोडून दिल्यानी, आणि मगेच गेले. मी दारात उभो होतंय. व्हाइसातून नळी काढल्यानी, दस्त्याक बसवल्यानी, पुढचा लाकूड चढवल्यानी, घोडो ओढून टक्क करून बघल्यानी. फडक्यान पुसल्यानी सुद्दा. मी मनात म्हटलंय, अशा टायमाक पण ह्या माणसाचो हात चुकणा नाय."

"मी दिलंय?" मी विचारलं. "धुऱ्यांच्या हातात?"

"तुमीच. 'जावा घेऊन' म्हणालास."

"आणि दांडो?"

"दांडो बाकार होतो. मोगरी खाली पडलली, ती मी वर ठेवलंय."

"शिसा होता बाकार? गोल, एवढा?"

"नाय बा. शिसा खंय दिसला नाय."

दिसणार कुठून? शिसं नळीत होतं. काडतुसाच्या घरापासून एक वीत आणि चार बोटं पुढे. मला ते डोळ्यांसमोर दिसत होतं. बंदूक मोडून काडतूस घातलं तर ते नीट बसणार, कारण त्याच्या घरात काही अडकलेलं नाही. बंदूक नीट मिटणार. आणि चाप ओढला की पुढे वाट बंद. नळी मधोमध फाटणार, जिथे डाव्या हाताने ती धरतात बरोबर तिथे. अशी फाटलेली एक नळी माझ्या वडिलांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली होती. तिच्या मालकाला मी लहानपणी पाहिलं होतं. तो डाव्या हाताच्या मनगटावर पिशवी अडकवून बाजारात यायचा. पुढे बोटं नव्हती.

दसरा दुसऱ्या दिवशी होता.

नार्वेकर गेल्यावर मी मोहनला सांगितलं. तो लगेच उठला.

"मी आताच जातंय. लुना आसा. तासाभरात पोचान."

"नको."

"नको कित्या? आठ कोसाचो रस्तो तो. सांगतंय, नळयेत शिसा आसा, बार काढू नकात. बस."

"तुजा आयकाचो नाय तो. मानकरी माणूस. पुजलेली बंदूक आसा. मीच गेलंय तर आयकात."

"भावोजी, तुमी सुतकात आसास. अग्नी दिलेलो माणूस दसऱ्याक दुसऱ्याच्या वेशीत जाता?"

"वेशीभायर उभो रवान सांगान."

"मग चला, मागे बसा. दोघांय जावया."

"घराक कोण? लोक येतत. तू घर सोडू नको. मी सकाळच्या गाडयेन जातंय. बार दुपारी चारशिवाय होणा नाय."

तो म्हणाला, "निदान फोन तरी करू."

फोन त्याने केला. कळसूलवाडीत एकच फोन होता, किराणा दुकानात, आणि तो पावसात बंद पडला तो बंदच होता. मोहनने पुन्हा लुनाची चावी हातात घेतली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या खिशात ठेवली. बायको गेलेल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही.

मी रात्रभर जागा होतो. सकाळी आठच्या गाडीला साडेसातला स्टँडवर जाऊन उभा राहिलो. पिशवीत वडिलांच्या वेळचा, घरी पडून असलेला दांडा, मोगरी आणि तेलाची बाटली होती. आठची गाडी लागलीच नाही.

"दसऱ्याक ड्रायव्हर घराक गेलो," कंट्रोलर म्हणाला. "गाडी काय आता देवान हाकूची?"

"पुढची कितीक?"

"साडेअकराक. सुटली तर."

घर दहा मिनिटांवर होतं. घरी मोहन होता आणि दारात लुना होती. मी स्टँडवरच थांबलो. बाकावर बसायचो, उठायचो, चौकशीच्या खिडकीपर्यंत जायचो, परत यायचो. कंट्रोलर दोनदा हसला. तिसऱ्यांदा माझ्याकडे नीट बघितल्यावर त्याने खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढे केला.

गाडी साडेबाराला सुटली. फाट्यावर उतरलो तेव्हा दीड वाजून गेला होता. तिथून कळसूलवाडी एक कोस, शेतांच्या कडेने. भात पिवळं झालं होतं. ऊन तापलं होतं आणि मी अनवाणी होतो, कारण चपला दुकानात राहिल्या होत्या आणि दुसरा जोड घालायचं सुचलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर बार ऐकू आला. मी जागच्या जागी थांबलो. मग धावायला लागलो. समोरून सायकलवरून एक माणूस येत होता. मी त्याला विचारलं, "बार खंयचो?"

"पलीकडच्या गावचो," तो म्हणाला. "आमचो अजून होवक नाय. बघूक जातास? मग धावतास कित्या? वेळ आसा."

धुरींचं घर देवळाच्या अलीकडे. खळ्यात शेणसडा होता, दाराला झेंडूचं तोरण. धुरींची सून तुळशीपाशी काहीतरी करत होती. माझ्या खांद्यावरचा पंचा आणि वाढलेली दाढी बघून ती दोन पावलं मागे सरली.

"कोण व्हयो?"

"बाजारातलो मेस्त्री मी. भिकाजी आसत?"

"थयच रवा हां," ती घाईने म्हणाली. "खळ्यात येवू नकात. आज बार आसा." आणि आत गेली.

धुरी बाहेर आले. धूतवस्त्र नेसलेले, कपाळाला गंध, तोंड सुकलेलं, कारण बार होईपर्यंत मानकरी पाणीसुद्धा पीत नाही. मला बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"मी येवचो होतंय तुमच्याकडे," ते म्हणाले. "जमला नाय."

"ता असू दे. बार काढू नकात. नळयेत शिसा रवला हा."

"कसला शिसा?"

"मापाचा. त्या दिवशी ठोकी होतंय ता. काढूक नाय मी. तसाच जोडून दिलंय."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग सावकाश म्हणाले, "मेस्त्रीनू, तुमी बसा झाडाखाली. सूनबाय, पाणी दी गो तेंका, लांबसून. उन्हातून इलेत."

"माका खुळो समजतास?"

"नाय समजणंय. पण तुमी माझ्या हातात बंदूक दिलास, घोडो वाजवून दिलास. बरी आसा म्हणालास. वीस वर्षां तुमच्याकडे देतंय, तुमच्या हातातून इलेल्या नळयेत मी कधी डोळो लावूक नाय."

"आज लावा."

"आज कसो लावू? काल पुजली हा ती. ढोल वाजल्याशिवाय हलवूची नाय. माझ्या आज्यान हलवूक नाय, बापाशीन हलवूक नाय."

देवळाकडून ढोलाचा एक ठोका आला, मग थांबला. कुणीतरी तापवून बघत असावं.

"हलवू नकात," मी म्हटलं. "एक हीर घेवा, ताज्या चुडताची. बंदूक आसा तशीच रवांदे. हीर तोंडातून आत सोडा आणि खंय अडता ती बघा. बंदूक मिटलेली आसा, हीर दस्त्यापर्यंत जावक व्हयी. मधी अडली तर शिसा आसा. नाय अडली तर मी हयसून उठान जातंय, पुन्हा तोंड दाखवचंय नाय."

सुनेने विचारायच्या आधीच परड्यातल्या माडाच्या झावळीची हीर, पात्यातली ताठ काडी, काढून आणली. धुरी ती घेऊन आत गेले. दारातून मला पाटावरची बंदूक दिसत होती, हळदकुंकू लावलेली, झेंडूत अर्धी झाकलेली. ते वाकले. हीर आत गेली, आणि थांबली. त्यांनी ती बाहेर काढली, पुसली आणि पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच थांबली. त्यांनी चिमटीत जागा धरली, हीर ओढून काढली आणि नळीच्या बाहेरून लावून बघितली. चिमूट नळीच्या मधोमध आली, पुढच्या लाकडावर. त्यांनी आपला डावा हात त्या जागेवर ठेवला आणि तसेच बसून राहिले.

बंदूक घेऊन ते खळ्यात आले तेव्हा झेंडूची दोन फुलं अजून घोड्यात अडकलेली होती.

"आज्यान हलवूक नाय ती मी हलवलंय," ते म्हणाले. "आता काय करू ता सांगा."

मी पिशवीतून दांडा, मोगरी आणि तेल काढून जमिनीवर ठेवलं आणि मागे सरलो. सुनेने त्यावर तुळशीचं पाणी शिंपडलं. मग धुरींनी ते उचललं. सुतकामुळे मला बंदुकीला हात लावायचा नव्हता आणि त्यांना ते काम येत नव्हतं. मी दहा हातांवर उभा राहून सांगत होतो.

"मोडा. नळी दस्त्यापासून काढा. नळी मांडयेवर आडवी घेवा. तेल दोन थेंब. आता दांडो मागसून. हळू. तोफ फोडूची नाय."

"पुढसून ठोकून मागे पाडलंय तर? लवकर होयत."

"लवकर होयत. पण पुढचो अर्धो मी बघूक नाय. आदल्या वर्षी झटको बसलो तो कित्या ता कळाक नाय. पुढेच काढा. बघूनच बार काढा."

ते ठोकायला लागले. पहिले दहा-बारा ठोके फार जोरात होते.

"हाताक काय सांगता?"

"काय सांगताला? जड जाता."

"तशीच जड? का मधीच हलकी?"

"तशीच."

"हलकी झाली काय लगेच थांबा."

देवळाकडे ढोल पुन्हा वाजला, या वेळी जास्त वेळ. सून फाटकापाशी जाऊन बघून आली. धुरींच्या कपाळावरचं गंध घामाने नाकावर आलं होतं. मोगरीचा आवाज आता एकसारखा येत होता. त्यांचा हात बसला होता.

"असाच ठोकी होतास तुमी," धुरी मान वर न करता म्हणाले. "पयलो फोन इलो तेव्हा."

मी खांद्यावरचा पंचा नीट केला.

"मी समोर बसललंय. बाई काय बोलली ता आयकाक येवक नाय. पण तुमी म्हणालास, अर्ध्या तासात येतंय. आणि परत मोगरी घेतलास." दोन ठोके. "मी म्हणाक व्हया होता, जावा. मी काय म्हटलंय म्हायत आसा? म्हटलंय, बरा झाला, एवढा करूनच टाका, दसरो जवळ इलो. म्हणान मी येवक नाय तुमच्या घराक. काय तोंडान येतलंय?"

"तुमी म्हटलास म्हणान मी बसूक नाय," मी म्हटलं.

ते खरं होतं. मी त्यांच्यासाठी थांबलो नव्हतो. तो पहिला फोन नर्सचा होता, घाटावरची बाई होती ती. म्हणाली, "तुमच्या मिसेस बोलावतायत. येऊन जा म्हणतायत." मी विचारलं, "जास्त आहे का?" ती म्हणाली, "तसं नाही. पण घाबरल्यात जरा." मी म्हटलं, "अर्ध्या तासात येतो." गोळी नुकतीच काडतुसाच्या घरातून पुढे सरकली होती. मला वाटलं, सुरू केलेलं काम हातावेगळं करून जावं. मी पंचवीस मिनिटं ठोकत होतो. एक वीत आणि चार बोटं. तेव्हाच उठलो असतो तर शिसं तसंच नळीत राहिलं असतं. दोन दिवस राहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

"थांबा," धुरी म्हणाले. "तोंडाशी इला."

"फडक्यात धरा. पडाक देवू नकात."

गोळी फडक्यात आली. त्यांनी ती तळहातावर घेऊन मला दाखवली. मला हात लावता येत नव्हता, मायक्रोमीटरही नव्हता.

"उन्हात फिरवा. सगळीकडसून सारखी चमकता? का एक बाजू काळी?"

"सारखी."

"बोट फिरवा. कंगोरो लागता?"

"नाय."

"नळी बरी आसा. झटको काडतुसाचो होतो. आतून पुसून काढा आणि आता डोळो लावा."

त्यांनी फडकं फिरवलं, नळी आभाळाकडे धरली आणि बघितलं. मग नळी खाली घेतली. बंदूक जोडून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्या कळला कधी तुमका?"

"काल. सांजवेळेक."

"मग मेव्हण्याक कित्या नाय धाडलास? लुना आसा मा तेची? कालच इलो असतो."

मी पिशवी उचलली. मग धुरींना समजलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मोहन इथे आला असता तर धुरी त्याच्याशी बोलले असते. कसं झालं, काय झालं, असं विचारलं असतं. आणि पहिल्या फोनचं बोलले असते. तो फोन मला आणि धुरींनाच माहीत होता. नर्सने तो मोहन खाली गेल्यावर केला होता. काल संध्याकाळी पाच वाजता मला कळलं होतं की उद्या या माणसाचा हात जाणार, आणि मी लुनाची चावी खिशात घालून रात्र काढली होती. सकाळी गाडी नव्हती तेव्हाही घरी गेलो नव्हतो.

"तेका म्हायत नाय?" धुरींनी विचारलं.

"नाय."

"माझ्याकडसून जावचा नाय." त्यांनी बंदूक खांद्याला लावली. "पण माजो हात गेलो असतो, मेस्त्रीनू."

"व्हय," मी म्हटलं.

ढोल वाजायला लागले आणि थांबले नाहीत. सुनेने बंदुकीला पुन्हा हळदकुंकू लावलं. धुरी माझ्याकडे न बघता देवळाकडे गेले. मी पिशवी घेऊन फाट्याच्या वाटेला लागलो. वेशीच्या बाहेर आलो होतो तेव्हा बार झाला. एकच, मोठा, मोकळा आवाज. मग माणसांचा ओरडा आला आणि ढोल दुप्पट जोरात वाजायला लागले. तरी मी तिथे उभा राहिलो, वाटेवरून कुणी धावत येतं का ते बघत. कुणी आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मोहन फाटकात उभा होता.

"निघाला?"

"निघाला. बार झालो."

"पाणी तापवलंय. आंग धुवा."

मी अंग धुऊन आलो. त्याने दोन ताटं घेतली होती. त्याने पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून राहिला.

"भावोजी, एक बोलू? आठ दिवस पोटात आसा." त्याने घास ताटात ठेवला. "नर्स सांगी होती, ताई मधी बोलवी होती म्हणान. कोणाक, ता तिका नीट सांगूक येवक नाय. माका सांगणारी दुसरी नर्स होती ती. माकाच बोलवल्यान आसतला. मी खाली औषधाच्या लायनीत उभो. ती हाका मारी होती आणि मी खाली उभो."

"जेव," मी म्हटलं.

"मी लायन सोडून वर येवक व्हया होता."

"जेव रे."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. दुकान मी चार वर्षांनी बंद केलं, लायसन परत केलं. धुरी गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांनी शब्द पाळला. मोहनचं लग्न झालं, त्याला दोन मुली आहेत. थोरलीचं नाव त्याने कुमुद ठेवलं. दर वर्षी तिथीला तो येतो, माझ्याबरोबर जेवतो, आणि जेवताना एकदा तरी म्हणतो की त्या दिवशी मी लायन सोडून वर यायला हवं होतं. मी त्याला म्हणतो, जेव.

तिने त्याला बोलावलं नव्हतं. तिने मला बोलावलं होतं, आणि मी अर्ध्या तासात येतो म्हणालो होतो. हे मोहनला मी अजून सांगितलेलं नाही.